खान्देशात देशी कवचफळांची झाडे: लागवडीपासून काढणीपर्यंत

सातपुड्याच्या पायथ्याशी, चोपडा, यावल, शिरपूर, शहादा आणि तळोदा या तालुक्यांत, शेताच्या वरच्या अंगाला मुरमाड आणि दगडगोट्यांची जमीन हमखास असते. कापूस तिथे उंची धरत नाही, ज्वारी कशीबशी निसवते आणि शेवटी ती जागा चराईसाठी सोडून दिली जाते. या जमिनीवर पूर्वी जी झाडे आपसूक वाढत होती, त्यांतली बरीचशी कठीण कवचाची आणि आत खाण्याजोगा किंवा तेलाचा गर असलेली होती. चारोळी, बिब्बा, बेहडा, मोह आणि कांडोळ ही त्यांतली मुख्य. ही झाडे पुन्हा लावता येतात, कमी पाण्यावर वाढवता येतात आणि त्यांच्यापासून खाद्य, लाकूड व वन्यजीवांसाठी आसरा असे तिन्ही लाभ मिळू शकतात. मात्र एकच झाड हे तिन्ही लाभ भरघोस देत नाही, हे लागवडीपूर्वीच मनाशी पक्के करावे. चारोळीचा गर मौल्यवान असतो, पण तिचे लाकूड हलक्या प्रतीचे. अंजनाचे लाकूड अतिशय कठीण आणि जड असते, पण त्याच्यापासून माणसाच्या खाण्याचे काही मिळत नाही. बेहड्याचा मोठा पसारा खारी-माकडांना आणि पक्ष्यांना पोसतो, पण त्याची बी घरात मूठ-मूठ खाण्याची वस्तू नाही. म्हणून आखणी करताना झाडांचा मेळ बसवावा लागतो, आणि कोणते झाड कुठे लावायचे हे जमीन ठरवते.

जमीन पाहणे

तापीच्या दोन्ही काठांवरची खोल काळी जमीन केळी आणि कापसाची आहे; तिथे चारोळी लावू नये. पावसाळ्यात त्या जमिनीत पाणी धरून राहते आणि चारोळीची मुळे कुजतात. शंका असल्यास उन्हाळ्यात दीड-दोन फूट खोल खड्डा खणून त्यात काठोकाठ पाणी भरावे आणि दुसऱ्या दिवशी पाहावे. पाणी तसेच उभे असेल तर ती जागा चारोळी आणि कांडोळ यांच्यासाठी सोडून द्यावी. मोह आणि बेहडा यांना मध्यम खोलीची, नाल्याकाठची जमीन मानवते. कांडोळ तर अगदी खडकाच्या भेगेतही उभे राहते. उताराच्या ज्या भागात दुसरे काही जगत नाही तो भाग त्याला द्यावा.

पावसाचाही विचार हवा. धुळे, शिंदखेडा, अमळनेर आणि पारोळा हा अवर्षणप्रवण पट्टा आहे, तर अक्राणी, अक्कलकुवा आणि नवापूर या भागांत पाऊस बराच अधिक पडतो. कोरड्या पट्ट्यात चारोळी, अंजन आणि कांडोळ यांच्यावर भर द्यावा; बेहडा तिथे फक्त नाल्याच्या काठी लावावा. देशी बदाम म्हणून रोपवाटिकेत जे मोठ्या पानांचे झाड मिळते, ते मूळचे समुद्रकिनाऱ्याकडचे आहे, आणि काजू तर परदेशातून आलेला आहे. दोन्ही झाडे वाईट नाहीत, पण मुरमाड बरडावर विनापाणी जगण्याची अपेक्षा त्यांच्याकडून करू नये.

एका एकराची आखणी

आठ बाय आठ मीटर अंतर धरले तर एकरात सुमारे ६० जागा बसतात. त्यांतल्या निम्म्याहून अधिक जागा चारोळीला द्याव्यात. मोह आणि बेहडा ही मोठ्या पसाऱ्याची झाडे असल्यामुळे ती कडेला घ्यावीत आणि प्रत्येकाच्या शेजारची एक जागा मोकळी सोडावी. बिब्बा घरापासून, विहिरीपासून आणि मुलांच्या येण्याजाण्याच्या वाटेपासून दूर, शेवटच्या बांधावर लावावा. त्याचे कारण पुढे येईलच. बिब्ब्यात नर आणि मादी झाडे बहुधा वेगळी असतात आणि रोपावरून ती ओळखता येत नाहीत. म्हणून एकटे रोप न लावता चार-पाच रोपांचा गट लावावा आणि पुढे फुलोरा आल्यावर जास्तीचे नर काढून एखादाच ठेवावा.

इमारती लाकडासाठी बांधावर अंजन, तिवस, शिसव आणि साग लावावेत. उत्तरेच्या आणि पश्चिमेच्या बांधांवर त्यांची दाट रांग धरली तर उन्हाळ्यातल्या कोरड्या वाऱ्यापासून आतली रोपे वाचतात आणि झाडेही सरळ वाढतात. अंजन लावणाऱ्याने धीर धरावा. पहिली काही वर्षे त्याची वाढ जमिनीखाली चालते, सोटमूळ खोल जाते आणि वर मात्र वीतभर काडी दिसत राहते. ही काडी मेली असे समजून ती उपटू नये.

बी गोळा करणे

या सगळ्या झाडांच्या लागवडीत बहुतेक अपयश बियाण्याच्या टप्प्यावर येते, पाण्याच्या टप्प्यावर नाही. प्रत्येक झाडाच्या बियाण्याची स्वतःची घाई असते आणि ती पाळली नाही तर नंतर कितीही मेहनत घेतली तरी उगवण होत नाही.

मोहाची टोळंबी, म्हणजे त्याची बी, जून-जुलैत गळते आणि तिची उगवणक्षमता फार थोड्या दिवसांत संपते. ती वाळवून डब्यात ठेवणे म्हणजे ती मारून टाकणे. गळलेली बी त्याच आठवड्यात, अंगठ्याच्या पेराएवढ्या खोलीवर पेरावी. ओल असेल तर साधारण पंधरवड्यात कोंब वर येतो. मोहाचे सोटमूळ झपाट्याने खाली जात असल्यामुळे बी थेट जागेवर टोकणे हा उत्तम मार्ग आहे. प्रत्येक जागी तीन बिया टाकाव्यात आणि पुढच्या वर्षी सर्वांत जोमदार रोप ठेवावे.

चारोळीची फळे एप्रिल-मेमध्ये पिकतात. पिकलेले फळ काळसर जांभळे, मऊ आणि आंबटगोड असते. हिरवे किंवा नुसते तांबूस फळ बियाण्यासाठी निरुपयोगी असते, कारण आतला दाणा भरलेला नसतो. बियाण्यासाठी झाड निवडताना दरवर्षी नेमाने फळणारे, मोठ्या दाण्याचे आणि फांद्या न तोडलेले झाड पाहावे. ज्या पाड्यावरची माणसे ते झाड पिढ्यान्पिढ्या वापरत आली आहेत, त्यांना विचारूनच फळे घ्यावीत. कोणत्या झाडाचा दाणा ठसठशीत आहे हे तेच सांगू शकतात. फळे रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी गोणपाटावर चोळली की साल आणि गर सुटतो आणि खाली करड्या रंगाची, मसुराहून बरीच मोठी, दोन्ही बाजूंनी किंचित चपटी गुठळी उरते. ती बोटांत फिरवून पाहिली तर कडेने एक बारीक रेघ दिसते. कवचाच्या दोन पाकळ्या तिथे जुळलेल्या असतात आणि कोंब तिथूनच वाट काढतो. गुठळ्या पाण्यात टाकून तरंगणाऱ्या काढून टाकाव्यात. त्या बहुधा पोकळ असतात. बुडालेल्या गुठळ्या सावलीत वाळवून, जूनच्या पहिल्या पावसापर्यंतच पेरून टाकाव्यात. पुढच्या वर्षासाठी ठेवलेल्या चारोळीची उगवण फार घसरते.

कवच कठीण असल्यामुळे ताज्या गुठळीलाही मदत लागते. कडेच्या रेघेवर लहान हातोडीने इतकेच ठोकावे की कवचाला तडा जाईल आणि आतला दाणा दुखावणार नाही. त्यानंतर चोवीस तास पाण्यात भिजवून पेरणी करावी. हे काम कंटाळवाणे आहे आणि हाताला अंदाज येईपर्यंत बरेच दाणे चेंगरतात, पण तडा दिलेल्या आणि न दिलेल्या गुठळ्यांच्या उगवणीत इतका फरक पडतो की ही मेहनत टाळू नये. तडा गेलेल्या गुठळीला बुरशी लवकर लागते, म्हणून पेरण्यापूर्वी तिला ट्रायकोडर्मा ही रोगकारक बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी चोळावी.

बेहड्याची फळे हिवाळ्यात, नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत मिळतात. वरचा गर काढून वाळवलेले बी पावसाळ्यापर्यंत सहज टिकते. मात्र किडीने भोक पाडलेल्या बिया आधीच वेचून काढाव्यात आणि पेरण्यापूर्वी एक-दोन दिवस भिजवावे. बिब्ब्याचे बी ताजे असतानाच पेरावे आणि ते हाताळताना रबरी हातमोजे घालावेत. कांडोळीच्या फळांवर खुपणारी बारीक लव असते. फळे हातात न घेता काठीने फोडून बी काढावे. कांडोळ जाड फांदीच्या कलमापासूनही लागते.

रोपवाटिका

या झाडांना लांब सोटमूळ असल्यामुळे नेहमीच्या आखूड पिशवीत मूळ तळाशी वेटोळे घेते आणि असे रोप शेतात लावल्यावर वर्षानुवर्षे खुंटलेले राहते. पिशवी उंच घ्यावी, तळाला भोके पाडावीत आणि पिशव्या थेट मातीवर न ठेवता विटांवर किंवा बांबूच्या मांडवावर ठेवाव्यात, म्हणजे बाहेर आलेले मूळ हवेत सुकून आतल्या आत फुटवे धरते. माती, वाळू आणि चांगले कुजलेले शेणखत समभाग घ्यावे. कच्चे शेणखत वाळवी आणि हुमणी घेऊन येते.

चारोळीचे रोप पहिल्या वर्षी निराशा करते, कारण ते वीत-दीड वीतच वाढते. त्याला एक पूर्ण वर्ष रोपवाटिकेत ठेवून दुसऱ्या पावसाळ्यात लावावे. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा रोपांवर हिरवी जाळी किंवा पळसाच्या डहाळ्यांचा मांडव हवाच.

ज्यांना लवकर उत्पन्न हवे आहे त्यांनी चारोळीच्या कलमांचा विचार करावा. बियांपासून वाढवलेले झाड फळावर यायला आठ-दहा वर्षे किंवा त्याहून अधिक घेते आणि त्याचा दाणा आईसारखाच निघेल याची खात्री नसते. मृदुकाष्ठ कलमाने हा काळ जवळपास निम्म्यावर येतो. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या गोध्रा येथील केंद्राने चारोळीच्या कलमांवर काम केले असून ‘थार प्रिया’ हे निवडक वाण दिले आहे. गोध्र्याचे कोरडे हवामान खान्देशाला जवळचे आहे. स्वतः कलम बांधायचे असेल तर पेन्सिलीएवढ्या जाडीचे रोप खुंट म्हणून घ्यावे, निवडलेल्या झाडाच्या काडीची पाने आठवडाभर आधी खुडून डोळे फुगू द्यावेत आणि पावसाळ्याच्या तोंडावर पाचरीच्या पद्धतीने कलम बांधून वर प्लॅस्टिकची टोपी घालावी. तरीही सगळी झाडे कलमी लावू नयेत. निदान चौथा हिस्सा तरी बियांपासूनच्या झाडांचा असावा, म्हणजे वाणाची विविधता आणि कीड-रोगाला तोंड देण्याची ताकद शेतात राहते.

खड्डे आणि लावणी

खड्डे एप्रिल-मेमध्ये घ्यावेत आणि उन्हात तापू द्यावेत. दोन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा पुरेसा होतो; खाली कडक मुरूम लागला तर पहारीने तळ फोडून घ्यावा, कारण सोटमुळाला खाली वाट मिळणे हे खतापेक्षा महत्त्वाचे आहे. वरची माती वेगळी ठेवून ती शेणखतात मिसळून तळाशी भरावी. उतारावर प्रत्येक खड्ड्याच्या खालच्या अंगाला दगडांची अर्धगोल ताल रचावी. तिच्यामुळे वाहणारे पाणी अडते आणि गाळही साठतो.

पहिल्या सरीला लावणीची घाई करू नये. खान्देशात जूनमध्ये एक-दोन चांगले पाऊस होऊन मग पंधरा-वीस दिवसांचा खंड पडणे हे नेहमीचेच आहे. जमिनीत हातभर ओल उतरल्यावर, साधारण जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात लावणी करावी. पिशवी फाडताना मातीचा गोळा फुटू देऊ नये. चारोळी तेवढा धक्काही सहन करत नाही.

पहिली तीन वर्षे

रोप जगवण्यातला खरा शत्रू शेळी आहे. काटेरी बाभळीच्या किंवा बोरीच्या फांद्यांचे कुंपण प्रत्येक रोपाभोवती घालावे आणि दर पावसाळ्यानंतर ते पुन्हा नीट करावे. दुसरा शत्रू वणवा. फेब्रुवारी संपण्यापूर्वी शेताच्या जंगलाकडच्या बाजूने तीन-चार मीटर रुंदीचा पट्टा गवत कापून साफ ठेवावा.

पाणी दोन-तीन उन्हाळेच द्यावे लागते. रोपाजवळ गळ्यापर्यंत पुरलेले कच्च्या भाजणीचे मडके आणि त्यावर झाकण, ही पद्धत बरडावर ठिबकाइतकीच उपयोगी ठरते. आठवड्यातून एकदा मडके भरले तरी मुळाशी ओल टिकते. आळ्यावर पालापाचोळा आणि त्यावर दगड ठेवावेत, म्हणजे वारा पाला उडवत नाही. वाळवी दिसली तर निंबोळी पेंड आळ्यात मिसळावी.

या वर्षांत मधल्या जागेत मूग, उडीद, तूर किंवा भुईमूग घ्यावा. बाजरी-ज्वारीही चालते, पण रोपापासून निदान हातभर अंतर ठेवावे. नांगरट मात्र रोपाच्या जवळ कधीही करू नये.

काढणी आणि दाणा काढणे

चारोळीच्या जंगलातली झाडे कमी होण्यामागे कच्ची तोड आणि फांद्यांची कत्तल ही मोठी कारणे आहेत. दुसरा कोणी आधी नेईल या भीतीने फळे हिरवी असतानाच फांद्यांसकट उतरवली जातात. दाणा हलका भरतो, भाव पडतो आणि पुढच्या दोन-तीन वर्षांचा बहार फांद्यांबरोबरच जातो. स्वतःच्या शेतात ही भीती नसते, तेव्हा फळ पूर्ण काळे होण्याची वाट पाहावी. झाडाखाली जुन्या साड्या किंवा जाळी अंथरून हलवून पडेल तेवढेच घ्यावे. शेंड्याची फळे बुलबुल आणि धनेश यांच्यासाठी सोडावीत; हे पक्षी बिया दूरवर नेऊन टाकतात आणि बांधाच्या पलीकडे नवी रोपे उगवतात.

बियाण्यासाठी सांगितल्याप्रमाणेच गुठळ्या स्वच्छ करून कडक उन्हात वाळवाव्यात. विक्री लगेच करायची नसेल तर गुठळ्याच साठवाव्यात; कवचात दाणा चांगला टिकतो, कारण त्यात निम्म्याच्या आसपास तेल असते आणि फोडलेला दाणा उघड्यावर राहिला की खवट होतो. फोडण्यासाठी घरचे जाते पुरते. मधल्या खुंट्याला चिंधी गुंडाळून वरची तळी इतकी उचलावी की दोन तळ्यांमध्ये गुठळीच्या जाडीपेक्षा किंचित कमी फट राहील. गुठळ्या थोड्या-थोड्या घालून जाते सावकाश फिरवले की कवच उकलते आणि दाणा बहुतांशी अखंड राहतो. मग सुपाने पाखडून कवच उडवावे आणि तुटलेले दाणे वेगळे काढून ते घरी वापरावेत. अखंड दाण्याला आणि तुकड्याला मिळणाऱ्या भावात मोठे अंतर असते, म्हणून गुठळ्या आधी चाळून, एका आकाराच्या एकत्र करून फोडणे फायद्याचे ठरते.

बिब्ब्याच्या बाबतीत सावधगिरी हीच पहिली पायरी आहे. बीच्या टरफलात काळे, दाहक तेल असते. ते अंगाला लागले तर फोड येतात आणि व्रण राहतात. ज्यांना आंब्याच्या चिकाचा किंवा काजूच्या टरफलाचा त्रास होतो त्यांनी हे काम करूच नये, कारण ही सगळी झाडे एकाच कुळातली आहेत. गोडंबी, म्हणजे बिब्ब्याच्या आतला खाण्याचा गर, फोडून काढणाऱ्या बाया हाताला राख किंवा तेल लावून काम करतात आणि तरीही त्यांची बोटे भाजतात, हे पाहिल्यावर लाडवातल्या मूठभर गोडंबीची किंमत वेगळीच वाटते. रबरी हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि डोळ्यांना चष्मा ही साधने मजुराला देणे हे मालकाचे काम आहे. बिबे घरात भाजू नयेत. त्यांच्या धुरानेही चेहरा सुजतो. तेल अंगाला लागलेच तर आधी खोबरेल तेलाने पुसून मग साबणाने धुवावे आणि फोड आले तर दवाखाना गाठावा. बीच्या वर येणारा नारिंगी, मांसल भाग पिकल्यावर किंवा सुकवून खातात, आणि तो पाखरांनाही आवडतो.

बेहड्याच्या आठळीतला गर मुले फोडून खातात. तो चवीला बदामासारखा लागतो, पण जास्त खाल्ल्यास गुंगी येते आणि डोके दुखते, म्हणून तो दोन-चार दाण्यांपुरताच ठेवावा. बेहड्याची खरी विक्री फळाच्या सालीची, म्हणजे त्रिफळ्यासाठी होते. कांडोळीच्या बिया भाजून खातात.

मोहाची फुले मार्च-एप्रिलमध्ये पहाटे गळतात आणि ती वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाला पेटवण्याची रीत आहे. जुन्या मोहाखाली वाकून पाहिले तर काळ्या पडलेल्या जमिनीचे रिंगण दिसते आणि त्या रिंगणात एकही लहान मोह नसतो. मागच्या पावसाळ्यात उगवलेले प्रत्येक रोप आगीत गेलेले असते. त्याऐवजी झाडाखाली जाळी अंथरली की फुले स्वच्छ मिळतात, रोपे वाचतात आणि वणव्याचा धोकाही टळतो. टोळंबी फोडून, वाळवून घाण्यावर तेल काढतात.

लाकूड, ढोली आणि कागदपत्रे

बांधावरची अंजन, साग, शिसव ही झाडे पहिली आठ-दहा वर्षे खालच्या फांद्या वेळच्या वेळी छाटून सरळ वाढवावीत. छाटणी हिवाळ्याच्या शेवटी करावी आणि खोडाला खाप पडू देऊ नये. दाट रांगेतली वाकडी, रोगट झाडे विरळणीत काढून सरपण व मेढींसाठी वापरावीत. बेहड्याचे लाकूड कच्चे वापरल्यास लवकर किडते. काही काळ पाण्यात बुडवून ठेवल्यास ते अधिक टिकते.

सगळी मोठी झाडे कापायची नसतात, हे आखणीतच ठरवावे. रानपिंगळा हे लहानसे घुबड १८८४ नंतर शतकभर कोणाला खात्रीने दिसले नव्हते. १९९७ साली ते शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी पुन्हा सापडले. हा पक्षी जुन्या झाडांच्या ढोलीत घरटे करतो. म्हणून एकरात निदान दोन-तीन जुनी, पोकळ झाडे, मग ती लाकडाच्या दृष्टीने निकामी का असेनात, तशीच उभी ठेवावीत.

झाडे लावल्यावर तलाठ्याकडे जाऊन सातबाऱ्यावर त्यांची नोंद करून घ्यावी. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत साग, मोह, अंजन, तिवस, हळदू यांसारख्या झाडांचा समावेश आहे, त्यामुळे ती स्वतःच्या शेतात असली तरी तोडण्यापूर्वी परवानगी लागते आणि नोंद नसेल तर ती मिळवताना फार खेटे घालावे लागतात. वनहक्क कायदा, २००६ खाली सामूहिक हक्क मिळालेल्या गावांना आपल्या हद्दीतील चारोळी, मोह यांसारखे गौण वनोपज गोळा करण्याचा आणि विकण्याचा हक्क आहे. केंद्र सरकारने २०१३-१४ मध्ये सुरू केलेल्या गौण वनोपजाच्या किमान आधारभूत किंमत योजनेत चारोळी आणि मोहाचे बी यांचा समावेश आहे, तेव्हा व्यापाऱ्याशी भाव ठरवण्यापूर्वी त्या वर्षीची जाहीर किंमत तालुक्याच्या ठिकाणी विचारून घ्यावी.